भडंगाच्या डब्यातली कार्डं

सांगलीतल्या त्या वाचनालयात पुस्तकं नेमकी किती, हे चिटणिसांनासुद्धा धड सांगता आलं नसतं. पण कोणती माहिती कुठं सापडेल, असं कुणी विचारलं तर दारातल्या चपला राखणाऱ्या म्हातारीपासून अध्यक्षांपर्यंत सगळे एकच उत्तर द्यायचे, "पंतांना विचारा." पंत म्हणजे विष्णुपंत आगटे, कात्रण विभाग. मूळचे वाईचे, नोकरीच्या निमित्तानं सांगलीत आले आणि सव्वीस वर्षं एकाच खिडकीशी, एकाच टेबलाला चिकटून राहिले. रोज सकाळी आठ वर्तमानपत्रं, एक लांब कात्री आणि खळीचा डबा घेऊन बसायचं, शेती, बाजार, आरोग्य, सरकारी योजना असं लोकांच्या उपयोगाचं जे दिसेल ते कापायचं, जाड कागदावर डकवायचं आणि पाकिटात घालायचं, हे त्यांचं काम. माणूस तसा सरळ. पण सरळ माणसालाही पोटदुखी होते, आणि पंतांना ती अशी काही झाली की तिचीच ही हकिकत आहे.

प्रत्येक कात्रणाचं एक पांढरं कार्ड असे. त्यावर बातमीचा मथळा, तारीख, पाकिटाचा नंबर. ही कार्डं लाकडी खणांत अक्षरानुसार लावलेली. एवढं कुठल्याही वाचनालयात असतं. पंतांची करामत होती ती गुलाबी कार्डांत. त्याचं असं झालं, की लोक काही मथळ्यांत बोलत नाहीत. मथळा म्हणणार, "राणीखेत रोगावर लसीकरण मोहीम." आणि दारात उभा राहिलेला माणूस म्हणणार, "कोंबड्या माना टाकाय लागल्यात, काय करू?" ही दोन टोकं जुळायची कशी? तर ज्या दिवशी असा एखादा शब्द खणांत सापडला नाही, त्या दिवशी घरी जाण्यापूर्वी पंत एक गुलाबी कार्ड लिहायचे. वर विचारणाऱ्याचा शब्द, जसा त्यानं उच्चारला तसा. मध्ये "पहा". खाली योग्य मथळा. आणि अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, विचारणाऱ्याचं नाव, गाव आणि साल.

"नाव कशाला लिहिता हो?" असं कुणी विचारलं की पंत म्हणायचे, "शब्द त्याचा आहे. मी फक्त लिहून घेतला." तेव्हा ते असे होते. सव्वीस वर्षांत अशी नऊशे अकरा गुलाबी कार्डं झाली होती, आणि शिराळ्यापासून जतपर्यंतचा माणूस पंतांच्या टेबलाशी येऊन आपल्याच भाषेत विचारून, हवं ते घेऊन परत जात होता.

राजमती मगदूम वाचनालयात लागली ती नव्वद साली. पलूसकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, वडिलांचा द्राक्षाचा मळा. पहिल्या दिवशी तिला खळ कशी लावायची हेसुद्धा ठाऊक नव्हतं. सगळं कात्रण तिनं चिकट करून ठेवलं होतं. पंतांनी तिला हाताला धरून शिकवलं. बातमी कापण्याआधी वाचायची, वाचल्यावर "ही कुणाच्या उपयोगाची?" असं स्वतःला विचारायचं आणि मगच कात्री लावायची. पोरगी हुशार. चार वर्षांत ती पंतांच्या तोडीनं कार्डं लिहायला लागली. "माझ्यामागं ही आहे," असं पंत चारचौघांत कौतुकानं सांगत. मागं आहे तोवर कौतुक सोपं असतं, हे त्यांना तेव्हा कुठं ठाऊक होतं!

सत्त्याण्णव साली एका हळदीच्या व्यापाऱ्यानं आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ वाचनालयाला संगणक दिला. राजमतीनं रविवारी रविवारी कराडला जाऊन संगणकाचा कोर्स केला होता, ती गोष्ट त्या दिवशी बाहेर पडली. पंतांना ती ठाऊक नव्हती. एवढ्यावरूनच पहिली ठिणगी पडली. आपल्याला न सांगता शिकली!

मग टेलिफोनची जोडणी हवी झाली, आणि टेलिफोनचं भोक नेमकं खिडकीशी, पंतांच्या टेबलामागं. कार्यकारिणीनं ठराव केला. पंतांचं टेबल उचलून पाण्याच्या माठाशेजारी गेलं आणि खिडकीशी संगणक बसला, त्याच्यावर कापडाची झालर. पुढच्या आठवडाभरात पंतांच्या टेबलाशी जे कुणी आले ते एकच विचारायला आले. "पंत, पेला कुठाय?"

राजमतीनं काम मात्र झपाट्यानं केलं, हे कबूल करायलाच हवं. आठ महिने बसून तिनं पांढरी कार्डं एकेक करून संगणकात घातली. पलूसला आणि कराडला एकेक माहिती केंद्र निघालं. तिथला संगणक फोनवरून इथल्या संगणकाशी बोलायचा. तिथं बसलेल्या मुलीनं शब्द टाकला की सांगलीच्या खणातलं कार्ड पलूसच्या पडद्यावर. शिवाय ते इंटरनेट. जगभरची माहिती तारेवरून येते म्हणत. ती तशी यायचीही. पण एक शब्द टाकला की चाळीस हजार पानं पुढ्यात पडायची, आणि त्यातलं कामाचं कोणतं, हे देवालाच ठाऊक. राजमती त्यातून चार पानं वेचायची, खाली मराठीत दोन ओळी लिहायची, यात काय आहे आणि कुणाच्या उपयोगाचं आहे, आणि पंतांनी ठरवलेल्याच विषयांखाली ती लावून ठेवायची. लोक बघत राहायचे. पंतही माठाशेजारून बघायचे. हे काम करायला डोकं लागतं, हे त्या खोलीत एकट्या पंतांनाच खरं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त झोंबत होतं.

त्यात एक दिवस वर्तमानपत्रात फोटो आला. राजमती, संगणक, झालर, आणि वर ठळक मथळा, "एका क्षणात माहिती! सांगलीच्या कन्येची किमया." गंमत अशी की ते वर्तमानपत्र कापायचं काम पंतांचंच. सकाळी सव्वाआठला ते पान त्यांच्या हातात आलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. 'किमया म्हणे! खण कुणाचे? विषय कुणी पाडले? हिला खळ लावायला कुणी शिकवली?' दोनदा त्यांनी पान बाजूला सारलं आणि दोनदा परत ओढलं. शेवटी कापलं, डकवलं, आणि पाकिटाची वेळ आली. 'वाचनालये' असा विषय होता, 'संगणक' असाही होता. पंतांनी कात्रण 'संकीर्ण'मध्ये घातलं, पतंगाचा मांजा आणि हरवलेल्या बैलांच्या बातम्यांबरोबर. सव्वीस वर्षांत त्यांनी मुद्दाम चुकीच्या जागी घातलेलं हे पहिलं कात्रण. त्या दिवशी त्यांना जरा बरं वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात राजमती माठापाशी आली. तिनं पेला घेतला नाही, समोर स्टुलावर बसली.

"काका, पांढरी कार्डं संपली. आता गुलाबी द्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पांढरी काय, कुणीबी टाइप करील. खरी विद्या गुलाबीत हाय. लोक केंद्रावर येऊन आपल्या भाषेत विचारत्यात आणि मशीन म्हणतंय, माहिती नाही. गुलाबी घातली की मशीन तुमच्यासारखं बोलाय लागंल बघा."

ती बिचारी कौतुक करत होती. पण मत्सर झालेल्या माणसाचे कान वेगळे असतात. 'मशीन तुमच्यासारखं बोलेल,' याचा अर्थ पंतांना एवढाच लागला की मग तुमची गरज नाही. पांढरं गेलं, खिडकी गेली, फोटो तिचा आला, आता गुलाबीही गेलं की आपल्यापाशी उरलं काय? माठ!

"वाळवीनं खाल्ली," पंत म्हणाले.

"सगळी?"

"खालचा खण. पावसाळ्यात. भुगा झाला नुसता."

राजमतीनं एकदा खणाकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं. "अगंबाई," एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

त्या संध्याकाळी नऊशे अकरा कार्डं दोन पिशव्यांतून सायकलच्या हँडलला लटकून गावभागातल्या पंतांच्या घरी आली. घरात एवढं मावेल असं झाकणाचं एकच भांडं होतं, भडंगाचा पत्र्याचा डबा. पंतांनी भडंग प्लास्टिकच्या पिशवीत ओतलं, डबा पुसला, कार्डं भरली आणि डबा फडताळात सगळ्यांत वर ठेवून दिला. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होत्या.

"अहो, भडंग सादळेल की पिशवीत."

"सादळू दे."

"आणि त्यात ठेवलंत काय एवढं?"

"माझं आहे," पंत म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि त्या घरात 'माझं आहे' हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

नंतरचे महिने पंतांचे सुखात गेले म्हणायला हरकत नाही, फक्त ते सुख चांगलं नव्हतं. संगणकात एक सोय होती. जे शब्द लोकांनी टाकले आणि सापडले नाहीत, त्यांची यादी तो छापून द्यायचा, शब्द, केंद्र आणि किती वेळा विचारला तो आकडा. विचारणाऱ्याचं नाव तेवढं त्यात नसायचं. राजमती दर शनिवारी ती यादी घेऊन माठापाशी यायची.

"काका, हे बघा की. 'पोर दात खातंय', कराड. म्हंजी कशात शोधू?"

जंत. लहान मुलांतील जंतविकार, पाकीट एकशे चार. पंतांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. ते चष्मा पुसायचे, यादी लांब धरायचे, जवळ धरायचे आणि म्हणायचे, "काय की."

"आणि हे, 'म्हाताऱ्याला दिवा फुटलेला दिसतोय'?"

मोतीबिंदू, हेही पंतांना ठाऊक होतं. "काय की, बाई. लोक काहीही विचारतात."

राजमती यादी घेऊन परत जायची आणि तासन् तास डोकं खाजवत बसायची. काही शब्द तिचे तिला सुटायचे, बरेच सुटायचे नाहीत. तिच्या कपाळावरच्या आठ्या बघितल्या की पंतांना माठातलं पाणीसुद्धा गोड लागायचं. 'काढ म्हणावं आता एका क्षणात!' असं ते मनातल्या मनात म्हणायचे, आणि चिटणीस जवळून गेले की मुद्दाम विचारायचे, "काय, मशीन काय म्हणतंय?"

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात अशीच एक यादी आली. वर पहिलाच शब्द होता, 'गड्डा नासणे'. केंद्र पलूस. आकडा तीन.

"तीनदा इच्यारलंय, काका," राजमती म्हणाली. "गड्डा म्हंजी हळदीचाच असणार. म्हणून मी 'हळद' टाकून बघितलं, तर तीनशे बारा कार्डं निघाली. भाव, पेवं, सौदे, पॉलिश, काय न काय. गड्डा कशातच न्हाई. तुमाला काय आठवतंय का?"

पंतांना आठवत होतं. सरकारी पत्रकावरून घेतलेलं कात्रण होतं ते, मथळा "हळद पिकातील मूलकंदविगलन: प्रतिबंधक उपाययोजना." असला मथळा वाचून कुणाच्या बापाला कळणार, की जमिनीतला गड्डा नासायला लागला तर काय करावं हे आत लिहिलंय? पाकीट दोनशे एकोणीस. गुलाबी कार्ड होतं त्याचं. आठवत होतं सगळं. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात खिडकीशी कुणीतरी राजमतीला हाक मारली, "मॅडम!" मॅडम!

"काय की," पंत म्हणाले.

यानंतर दसरा आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केरबा पंतांच्या घरी सोनं द्यायला यायचा, हा बारा-तेरा वर्षांचा रिवाज. केरबा म्हणजे पलूसजवळचा शेतकरी, चाळिशीचा, अंगानं दांडगा, बोलायला लाजाळू. त्याचे वडील तात्याबा पंतांकडं माहितीला यायचे. ते गेल्यावर केरबा यायला लागला. महिना-दीड महिन्यातून एसटीनं यायचा, प्रश्न विचारायचा, कागद घ्यायचा, वर चार शब्द बोलायचा. या वर्षी मात्र तो उन्हाळ्यानंतर फिरकलाच नव्हता. 'गेला हाही संगणकाकडं,' असं पंतांनी मनाशी धरलं होतं आणि त्याच्यावरही रुसून बसले होते. तो दारात दिसला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"ये रे केरबा. वाट चुकलास वाटतं!"

केरबानं आपट्याची पानं हातात दिली, पाया पडला, भिंतीला टेकून बसला. सुहासिनीबाईंनी बशीत भडंग आणून ठेवलं. "सादळलंय थोडं," असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडं आणि मग फडताळाकडं एकदा बघितलं.

"हळद काय म्हणतेय?" पंतांनी विचारलं.

"गेली की, पंत."

"गेली म्हणजे?"

"समदं एकर गेलं. वरनं पाला पिवळा पडला, उपटून बघतुय तर खाली गड्डा नासल्याला. हाताला नुसता चिखल. आधी एका कोपऱ्यात हुतं. मग पसरलं."

पंतांच्या हातातली आपट्याची पानं तशीच राहिली. "मग तू... विचारलं नाहीस कुणाला?"

"इच्यारलं की! पलूसला केंद्र निघालंय न्हवं, तुमचं. तीन खेपा गेलो. त्या पोरीला म्हटलं, टाक, गड्डा नासतुय. ती म्हणाली, माहिती न्हाई. दुसऱ्या खेपंला हळद टाकून समदी नावं वाचून दावली तिनं. आपल्याला लागू असं त्यात काय न्हवतं."

"अरे, मग माझ्याकडं यायचंस! एवढा येत होतास, एक एसटी..."

केरबानं मान वर करून बघितलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता. "आवं पंत, ते तुमचंच न्हवं का? ती पोरगी म्हणाली, सांगलीच्या पंतांची समदी कार्डं ह्यात घातल्यात. मग म्या काय म्हटलं, पंतांच्यात न्हाई म्हंजी दुनियेत न्हाई. कृषीवाल्यालाबी इच्यारलं न्हाई मग. तुमाला तरी कशाला तरास द्यायचा? पावसानं नासली म्हटलं आन् गप बसलो."

तो बशीतलं भडंग खात राहिला. सादळलेलं होतं, पण त्यानं बशी चाटूनपुसून संपवली, कारण ते पंतांच्या घरचं होतं. अशी थोरवी कुणीतरी आपल्याला द्यावी म्हणून तर पंत वर्षभर माठाशेजारी बसून जळत होते. आता ती मिळाली होती आणि ती अंगावर घेऊन त्यांना बसवत नव्हतं. फडताळ केरबाच्या बरोबर डोक्यावर होतं. पंतांनी एकदाही वर बघितलं नाही.

केरबा गेल्यावर त्यांनी स्टूल घेतलं, डबा खाली काढला आणि जमिनीवर बसून 'ग' शोधला. मसाल्याचा, लसणाचा वास सगळ्या कार्डांना लागला होता. गजकर्ण. गड्डा. स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "गड्डा नासणे, पहा: मूलकंदविगलन, पाकीट २१९." आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत, "तात्याबा, पलूस, १९७९."

पंतांना तो दिवस आठवला. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं झालेला म्हातारा, हातात फडक्यात बांधलेला नासका गड्डा. त्यांनी दोन दिवस पाकिटं उपसून ते पत्रक शोधून काढलं होतं. सरीत पाणी साठू द्यायचं नाही, नासलेले कंद उपटून शेताबाहेर जाळायचे, उरलेल्याच्या मुळाशी औषधाचं पाणी ओतायचं. म्हाताऱ्याची हळद वाचली होती. बापानं विचारलेला प्रश्न होता, कार्डावर बापाचं नाव होतं, आणि लेकानं तोच प्रश्न तीनदा विचारला तेव्हा ते कार्ड भडंगाच्या डब्यात होतं. सुहासिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवरा जमिनीवर बसून कार्डानं तोंड झाकून रडतोय हे बघून त्या काही न विचारता आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच पंतांनी डबा राजमतीच्या टेबलावर ठेवला. तिनं झाकण काढलं. लसणाचा भपकारा आला.

"वाळवीला तिखट चालतंय वाटतं," ती म्हणाली. पण चेष्टेत जीव नव्हता. तिनं एक कार्ड उचललं, दुसरं उचललं, मग तिचा आवाज बदलला. "काका, ऑगस्टात मी तुमाला यादी दावली हुती. तीनदा आल्याला शब्द."

"हो."

"तवा तुमी काय म्हणाला?"

"काय की म्हणालो."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"पाकीट नंबरासकट माहीत होतं."

राजमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. पलूसचं शिवार तिचं माहेर होतं, तिकडं हळद नासल्याचं तिच्याही कानावर आलं होतं. ती रागानं दोन शब्द बोलली असती तर पंतांना बरं वाटलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण पदरानं डोळे पुसून तिनं संगणक चालू केला आणि त्याची खरखर थांबेपर्यंत पडद्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "सांगा. मी टाकते."

सतरा दिवस लागले. पंत खिडकीशी स्टूल घेऊन बसायचे, वाचायचे, ती टाकायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "कोपऱ्यातली नावं पण घालू?" पंत म्हणाले, "घाल." याच सतरा दिवसांत एकदा, कुणाचं लक्ष नसताना, त्यांनी 'संकीर्ण'मधलं ते फोटोचं कात्रण काढलं आणि 'वाचनालये'त नेऊन ठेवलं. ठेवतानासुद्धा थोडं दुखलंच. खोटं कशाला बोला?

शेवटचं कार्ड झालं त्या रविवारी पंत पलूसच्या एसटीत बसले. दोनशे एकोणीस नंबरच्या पाकिटातला कागद खिशात होता. केरबाच्या घरी त्यांना पाटावर घोंगडी घालून बसवलं, शेजारचे दोघे बोलावले. "सांगलीचं पंत हैत ह्ये," असं केरबा सांगत होता. "एवढ्या लांबनं आल्यात." चहा आला. पंतांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"केरबा, ही माहिती होती. माझ्याकडंच होती. तुझ्या वडिलांनी विचारलेलं कार्ड होतं." त्यांनी कागद पुढं केला. "मी ते संगणकात घालू दिलं नाही. लपवून ठेवलं."

"कशापायी?" केरबानं विचारलं. रागानं नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"लोक मला विचारायचे बंद झाले म्हणून."

शेजारचे दोघे आपापल्या पायांकडं बघू लागले. केरबानं कागद घेतला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचला, घडी केली आणि देवाच्या फळीवर ठेवला. "चा घ्या पंत, निवतुय," एवढंच म्हणाला.

तो पंतांना सोडायला एसटीच्या थांब्यापर्यंत आला. वाटेत मोकळं पडलेलं एकर लागलं. दोघांनीही तिकडं बघितलं नाही. लांब गाडीची धूळ दिसली तेव्हा केरबा बोलला.

"तात्याबा म्हणायचा, पंतांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. इच्यारलं की सांगून मोकळं."

पंतांनी तिकिटाचे सुटे पैसे मुठीत काढून ठेवले.

"आता मशिनीत घातलंय न्हवं समदं?"

"घातलंय. सगळं घातलंय."

"मग बरं झालं," केरबा म्हणाला. "आता सांगलीला यायचं काम न्हाई."

गाडी आली. पंत चढले. केरबानं हात जोडले, नेहमीसारखेच, आणि गाडी हलायच्या आतच तो वळून चालायला लागला.

पुढच्या दसऱ्याला तो आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. पंत मधल्या काळात निवृत्त झाले. त्यांची खुर्ची माठापाशी तशीच आहे. दर शनिवारी ते वाचनालयात येतात. राजमती न सापडलेल्या शब्दांची यादी काढून ठेवते. आता ती पाच-सहा शब्दांचीच असते. पंत ती हातात घेतात आणि आधी केंद्राचा रकाना बघतात. पलूस असेल तर तिथं बोट ठेवतात, अर्थ सांगतात, मग खिशातून गुलाबी कार्ड काढून जुन्या सवयीनं लिहायला बसतात. वर शब्द, मध्ये "पहा", खाली मथळा. कोपऱ्यात नाव लिहायची वेळ आली की त्यांचा हात थांबतो.

"राजमती, विचारलं कुणी ते नाही का गं सांगत हे?"

"न्हाई काका," ती दर शनिवारी सांगते. "एवढं नाही सांगत."